चपट्या स्पोकचा फायदा नेमका कोणाला?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस आणि सुमारे ४३७ किलोमीटर अंतराच्या या शर्यतीमुळे ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची जुनी ओळख पुन्हा चर्चेत आली. अशा शर्यतीतल्या सायकली जवळून पाहिल्या की चाकांकडे लक्ष जातेच. रिम खोल, स्पोक मोजके आणि तेही गोल तारेचे नव्हेत, तर चाकूच्या पात्यासारखे चपटे. ते पाहून आपल्याही सायकलीला तसेच स्पोक बसवावेत असे कोणाला वाटले, तर नवल नाही.

हा प्रश्न चिखलीसारख्या ठिकाणी विचारून पाहण्यासारखा आहे. पिंपरी-चिंचवडच्या उत्तर टोकाला, इंद्रायणीच्या बाजूला वसलेल्या चिखलीच्या एका अंगाला तळवडे, दुसऱ्या अंगाला मोशी आणि नदीपलीकडे चाकणचा औद्योगिक पट्टा आहे. इथल्या रस्त्यांवर दोन तऱ्हेच्या सायकली असतात. शिफ्ट गाठण्यासाठी डबा लावून निघालेली कामगाराची साधी सायकल ही एक. सुट्टीच्या दिवशी पहाटे स्पाइन रोडवर किंवा देहू-आळंदी रस्त्यावर व्यायामासाठी काढलेली पातळ टायरची सायकल ही दुसरी. चपट्या स्पोकची जाहिरात या दुसऱ्या सायकलस्वारासाठी असते. पण चाकाचे शास्त्र दोघांनाही सारखेच लागू होते आणि त्याचा हिशेब मांडला तर उत्तर जाहिरातीपेक्षा बरेच वेगळे येते.

वारा कुठे अडतो?

सपाट रस्त्यावर वेग वाढू लागला की सायकलस्वाराची ताकद मुख्यतः हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट केला तर हवेपोटी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. चपट्या स्पोकचा सगळा हिशेब या एका नियमात दडलेला आहे.

स्पोकची गंमत अशी, की तो सायकलीपेक्षाही वेगाने हवा कापतो. चाक जमिनीला जिथे टेकते, तिथे त्याचा वेग शून्य असतो. सर्वात वरच्या टोकाला तो सायकलीच्या वेगाच्या दुप्पट असतो. सायकल ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, तर वरच्या बाजूने पुढे येणाऱ्या स्पोकचे रिमजवळचे टोक ताशी ८० किलोमीटरच्या जवळपास वेगाने हवेला भिडते. गोल तार हवेच्या दृष्टीने वाईट आकार आहे. हवा तिच्या पुढून दुभंगते, पण मागे नीट जुळत नाही. तिथे भोवरे तयार होतात आणि ते तारेला मागे खेचतात. तीच तार चपटी करून पातळ कड वाऱ्याकडे केली, तर हवा दोन्ही बाजूंनी सरकून मागे बरीच व्यवस्थित जुळते. साधा गोल स्पोक २ मिलिमीटर जाडीचा असतो. चांगल्या चपट्या स्पोकची वाऱ्याकडची कड सुमारे ०.९ मिलिमीटर आणि रुंदी २.२ ते २.३ मिलिमीटर असते. वाऱ्यासमोरची जाडी निम्म्याहून कमी झाली आणि आकारही सुधारला, म्हणून फायदा होतो. यात फसवणूक काही नाही.

प्रश्न आहे तो फायदा किती, याचा. सायकल आणि सायकलस्वार मिळून जो हवेचा अवरोध होतो, त्यातला सर्वात मोठा वाटा सायकलस्वाराच्या शरीराचा असतो, ढोबळमानाने तीन चतुर्थांश. चाकांचा वाटा लहान आणि त्यातला स्पोकचा वाटा आणखी लहान. उदाहरणादाखल असे धरू, की दोन्ही चाकांचे गोल स्पोक काढून चपटे बसवल्याने ताशी ४० किलोमीटर वेगाला ३ वॅट वाचतात. शर्यतीत एकट्याने ४० किलोमीटर अंतर तासाभरात कापणाऱ्या खेळाडूला या ३ वॅटमुळे १५ सेकंदांच्या आसपास फरक पडू शकतो. पदक मिळणे आणि हुकणे यात इतके अंतर पुष्कळ झाले.

आता तोच स्पोक चिखलीहून चाकणला ताशी २० किलोमीटरने निघालेल्या सायकलीला लावू. वेग निम्मा झाला की बचत एक अष्टमांश होते. ३ वॅटचे अर्धा वॅटही उरत नाहीत. पंधरा किलोमीटरच्या, पाऊण तासाच्या वाटेवर त्यातून वाचतात फार तर पाच-सहा सेकंद. मोशीच्या एका सिग्नलला याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

आठ सेकंदांची शर्यत

सायकलीच्या इतिहासात हवेच्या हिशेबाचे सर्वात गाजलेले उदाहरण १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’चे आहे. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये साडेचोवीस किलोमीटरची, घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायची फेरी होती. फ्रान्सचा लॉरां फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ती पिछाडी भरून काढली आणि तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँडने हात पुढे एकत्र टेकवता येतील असे हँडल बसवले होते आणि मागे निमुळते होत जाणारे हेल्मेट घातले होते. फिन्याँ बिनहेल्मेटचा होता, केसांची शेंडी वाऱ्यावर उडत होती. ती शर्यत नेमकी कशामुळे फिरली यावर पुढे अनेक वर्षे वाद झाले. पण त्यानंतर सायकलस्वाराची बैठक हा शर्यतीच्या तयारीचा पहिला विषय झाला आणि चाके त्यानंतर आली.

रोजच्या सायकलस्वारालाही हाच क्रम लागू आहे. ताठ बसून ताशी २० किलोमीटरने जाताना हवेपोटी साधारण ५५ वॅट लागत असतील, तर कोपर थोडे वाकवून, खांदे खाली घेऊन बसल्यावर त्यातले १५ वॅटपर्यंत वाचू शकतात. टायरमध्ये हवा कमी असेल तर रस्त्याशी होणारे घर्षण वाढून तितकेच वॅट वाया जाऊ शकतात. कोरडी, धुळीने माखलेली साखळी आणखी थोडे खाते. खाली वाकायला पैसे पडत नाहीत, हवा भरायला पंप पुरतो आणि साखळीला तेलाची छोटी बाटली. या तिन्ही गोष्टी सोडून अर्ध्या वॅटसाठी महागडे स्पोक घेणे म्हणजे घराचा दरवाजा उघडा ठेवून खिडकीला नवी कडी बसवण्यासारखे आहे.

आरोग्यासाठी सायकल चालवणाऱ्याच्या बाबतीत तर हा खटाटोप उलटाच ठरतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करायला सांगते. जाता-येता अर्धा-अर्धा तास सायकल चालवणारा माणूस पाच दिवसांत ३०० मिनिटे पुरी करतो. हृदयाला आणि स्नायूंना उपयोग होतो तो या श्रमाचा. वारा अडवतो, म्हणूनच व्यायाम होतो. तो अडथळा कमी करण्यासाठी पैसे मोजण्यात आरोग्याचा काही लाभ नाही.

स्पोकचे खरे काम

स्पोकचे पहिले काम वारा कापणे नाही, माणसाचे वजन पेलणे आहे. सायकलीचे चाक हे ताणावर उभे असलेले यंत्र आहे. इंग्लंडमधील कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये स्पर्शरेषेत, म्हणजे हबपासून तिरके जाऊन एकमेकांना ओलांडणारे स्पोक बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पॅडलचा जोर हबकडून रिमकडे नीट पोहोचवणारी ती रचना आजही बहुतेक सायकलींत आहे. प्रत्येक स्पोक १०० किलोग्रॅमच्या आसपासच्या ताणाने ओढलेला असतो. वजन पडले की जमिनीकडचे दोन-चार स्पोक क्षणभर सैल होतात आणि चाक फिरून पुढे गेले की पुन्हा ताणले जातात. अमेरिकी अभियंता जोब्स्ट ब्रँट याने ‘द बायसिकल व्हील’ या १९८१ च्या पुस्तकात हे फार नेमके समजावून दिले आहे.

म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोकचा ताण एकदा उतरतो आणि एकदा चढतो. नेहमीच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. रोज ३० किलोमीटर सायकल चालवणाऱ्याच्या चाकाच्या दिवसाला १४ हजारांहून जास्त आणि वर्षाच्या ३०० दिवसांत सुमारे ४३ लाख फेऱ्या होतात. त्यात खड्डे, स्पीडब्रेकर आणि उखडलेल्या कडा येतात. एका धक्क्याने स्पोक क्वचितच तुटतो. तो थकून तुटतो. प्रेसवर, स्प्रिंगवर किंवा गाड्यांच्या सुट्या भागांवर काम करणाऱ्या चाकण-चिखलीच्या कामगाराला धातूचा हा थकवा पुस्तकातून शिकावा लागत नाही. लाखो वेळा ताण चढ-उतार झाला की जिथे बाक असतो तिथे बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस तुकडा पडतो. स्पोकमध्ये ही जागा बहुतेक वेळा हबच्या छिद्राजवळची असते, जिथे तार वळलेली असते.

इथे चपट्या स्पोकची एक बाजू न्यायाने मांडायला हवी. दर्जेदार चपटा स्पोक स्टेनलेस स्टीलच्या तारेचा मधला भाग बारीक करून, मग तो थंड अवस्थेतच दाबून तयार करतात. दोन्ही टोके जाड आणि मधला भाग बारीक, यामुळे तो किंचित जास्त लवचीक असतो. धक्का बसला की मधला भाग तो सामावून घेतो आणि टोकाच्या बाकावरचा भार हलका होतो. शेजारचे स्पोकही भार वाटून घेतात. दुसरा फायदा चाक बांधणाऱ्याचा. निपल आवळताना स्पोक स्वतःच पिळला जातो. गोल तारेत हा पीळ दिसत नाही आणि रस्त्यावर गेल्यावर तो सुटून चाक पुन्हा ‘आऊट’ होते. चपट्या स्पोकमध्ये पीळ डोळ्यांना दिसतो, खाच असलेल्या छोट्या पट्टीने स्पोक धरून तो टाळता येतो. म्हणजे हा स्पोक टिकाऊ आहे आणि त्याचे चाक नीट बांधता येते, हे खरे. पण यातला टिकाऊपणाचा गुण चपटेपणातून नव्हे, तर मधला भाग बारीक असण्यातून येतो. तो गुण मधे बारीक केलेल्या गोल स्पोकमध्येही बराचसा मिळतो आणि कमी किमतीत मिळतो. दुकानात त्याला ‘डबल बटेड’ म्हणतात.

धोका संख्येत आहे

खरी अडचण चपट्या आकाराची नाही. हवेचा अवरोध कमी करण्याच्या नादात चाकातले स्पोकच कमी केले जातात, ही अडचण आहे. पूर्वीच्या साध्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. आज वेगासाठी विकल्या जाणाऱ्या तयार चाकांत १८, २० किंवा २४ स्पोक सहज दिसतात. शर्यतीच्या नियमांनाही ते चालते. जागतिक संघटनेचा नियम किमान १२ स्पोक असावेत आणि स्पोकच्या छेदाचे कोणतेही माप १० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे, इतकेच सांगतो. पण शर्यतीत मागे मोटार असते, तिच्यावर तयार चाके लावलेली असतात आणि एक स्पोक तुटला तर मिनिटभरात चाक बदलले जाते.

तळेगाव-चाकण रस्त्यावर किंवा पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला तसे कोणी नसते. ३२ स्पोकच्या चाकातला एक तुटला, तर चाक थोडे वाकडे होते. ब्रेक किंचित सैल करून घरी जाता येते. २० स्पोकच्या चाकातला एक तुटला, तर रिम इतकी हलते की ती ब्रेकला किंवा फ्रेमला घासून अडकू शकते. ८०-८५ किलोचा माणूस, पाठीवर बॅग, पुढे खड्डा आणि मागे कंटेनर, अशा वेळी चाक अडकणे म्हणजे केवळ गैरसोय नसते. डिस्क ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचा सगळा पीळ हबकडून रिमकडे स्पोकमधूनच जातो, त्यामुळे तिथे संख्येचे आणि ओलांडून बांधण्याचे महत्त्व आणखी वाढते.

त्यानंतरचा प्रश्न सुट्या स्पोकचा. चपटे स्पोक ठरावीक लांबीचे, काही चाकांसाठी तर त्या एकाच कंपनीचे असतात. काहींना टोकाला बाक नसतो, त्यांना हबही वेगळा लागतो. जास्त रुंद पाते नेहमीच्या हबच्या गोल छिद्रातून जातच नाही. त्यासाठी हबला खाच पाडावी लागते आणि खाच पाडलेला हब कमकुवत होतो. सुमारे २.३ मिलिमीटरपर्यंतचे पाते मात्र नेहमीच्या छिद्रातून जाते. चिखलीतल्या सायकल दुकानात साधा स्पोक मिळेल, तिथला कारागीर आऊट काढूनही देईल. पण विशिष्ट मापाचा चपटा स्पोक मागवावा लागला, तर तोवर सायकल भिंतीला टेकून राहते आणि माणूस पुन्हा दुचाकीवर जातो. व्यायामात आठवडाभराचा खंड पडणे हे आरोग्याचे नुकसान अर्ध्या वॅटच्या कोणत्याही बचतीपेक्षा मोठे आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. सायकल वेगवान दिसावी म्हणून काही जण स्पोकवरचे नारिंगी किंवा पांढरे रिफ्लेक्टर काढून टाकतात. शर्यतीसाठी ते ठीक. पण रात्रपाळीला जाणाऱ्या किंवा पहाटे अंधारात निघणाऱ्या सायकलीला बाजूने ओळखता येते ते याच फिरत्या ठिपक्यांमुळे. चौकात आडवी जाणारी वस्तू सायकल आहे हे ट्रकचालकाला त्यांच्या गोल फिरण्यावरून कळते. ते काढून मिळणारा वेग मोजण्याइतकाही नाही.

मग निवड कशी करावी?

चपटे स्पोक घ्यावेत ते स्पर्धेत उतरणाऱ्याने. सपाट रस्त्यावर एकट्याने ताशी ३५-४० किलोमीटर वेग बराच वेळ टिकवणाऱ्या तरुण खेळाडूसाठी तो योग्य खर्च आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या मुलामुलींनी असे खेळाडू व्हावे आणि त्यांना चांगली चाके मिळावीत, हे हवेच. मात्र त्यांनीही बैठक, कपडे आणि टायर आधी नीट करावेत आणि सरावाची चाके वेगळी ठेवावीत. वजनदार किंवा खराब रस्त्यावर सराव करणाऱ्या खेळाडूने मागच्या चाकात २८ ते ३२ स्पोक ठेवून ते चपटे घ्यावेत. आकाराचा फायदा मिळतो आणि संख्याही टिकते.

बाकीच्यांसाठी, म्हणजे कामावर जाणाऱ्यांसाठी आणि व्यायामासाठी सायकल चालवणाऱ्यांसाठी, निवड सरळ आहे. दोन्ही चाकांत ३२ किंवा ३६, मधे बारीक केलेले किंवा साधे गोल, पण स्टेनलेस आणि चांगल्या दर्जाचे स्पोक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाक सारख्या ताणाने, हाताने बांधून घेणे. नवे चाक पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्यावे. महिन्यातून एकदा शेजारचे दोन स्पोक बोटांत धरून दाबावेत. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा सैल लागली तर लगेच दुकान गाठावे, कारण सैल स्पोकच आधी थकतो. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. उरलेल्या पैशांतून चांगले टायर, पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट घ्यावे. सीटची उंची कोणा जाणकाराकडून बसवून घ्यावी. पॅडल सर्वात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. रोज सायकल चालवून गुडघे धरणाऱ्यांपैकी अनेकांची चूक तिथेच असते.

विक्रेत्यांचीही यात जबाबदारी आहे. चाक विकताना वजन आणि हवेची बचत सांगितली जाते, पण ती बचत कोणत्या वेगाला मोजली आहे हे क्वचितच सांगितले जाते. ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा ताशी किती किलोमीटरचा? या चाकात स्पोक किती आणि ते किती वजनाच्या माणसासाठी? आणि एक तुटला तर तसाच स्पोक याच दुकानात किती दिवसांत मिळेल? या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर चपटे स्पोक खुशाल घ्यावेत. नाही मिळाली, तर साधी गोल तार चिखलीच्या रस्त्यांवर जास्त दूरवर घेऊन जाईल.